तीन मिनिटांची कोंबडी

मी कोंबडी बोलतेय. फ्रिजमधून बोलतेय. थांबा, लगेच कांदा चिरायला घेऊ नका! तुम्ही समजता ती कोंबडी मी नव्हे. मला पिसं नाहीत आणि मी जन्मात कधी अंडं घातलेलं नाही. उकडलेली मात्र हजारो आहेत.

मी स्वयंपाकघरात वेळ मोजायची कोंबडी आहे. मुठीत मावेन एवढी, पांढरीशुभ्र, डोक्यावर लाल तुरा. माझ्या कमरेभोवती एक ते साठ आकडे आहेत. मला कमरेत पिळायचं, हव्या त्या आकड्यावर आणायचं आणि सोडून द्यायचं. मग मी टिकटिकत शून्यावर येते आणि असा काही गजर करते की शेजारच्या घरातली माणसंही गॅस बंद करायला धावतात.

अशी मी, प्रभाग समितीच्या कचेरीतल्या फ्रिजमध्ये, दुधाची बाटली आणि अर्धं लिंबू यांच्यामध्ये बसून आहे. आणि मी इथे बसले आहे म्हणूनच एका म्हाताऱ्या माणसाचा बसथांबा जागेवर आहे. विश्वास बसत नाही ना? माझाही बसत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

माझा जन्म कारखान्यातल्या एका लांबलचक टेबलावर झाला. माझ्यासोबत टोमॅटो होते, लिंबं होती, एक गलेलठ्ठ डुक्करही होतं. जाड चष्म्याच्या एका बाईंनी माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, तीन चाकं बसवली आणि मला एका मिनिटावर लावून पुढ्यात ठेवलं. वेळेवर वाजेल ती पेटीत, चुकेल ती पिंपात. माझ्या आधीचं डुक्कर सात सेकंद उशिरा वाजलं आणि पिंपात गेलं. मी ठरल्या क्षणी ठणाणा केला. बाई म्हणाल्या, "ही गुणाची आहे." त्या एका शब्दावर मी पुढची सगळी वर्षं काढली. वेळेवर वाजायचं, एवढंच मला येत होतं आणि तेवढ्याचाच मला ताठा होता.

दुकानातून मला टेलिफोन कचेरीतल्या मुलींनी उचललं. त्यांच्यातल्या थोरल्या बाई निवृत्त होत होत्या, त्यांना भेट म्हणून. जुन्या काळी लांबच्या गावाला फोन करायचा तर तो टेलिफोन कचेरीतून जोडून घ्यावा लागे आणि एका वेळी मिळायची फक्त तीन मिनिटं. ती संपली की या बाई मध्येच बोलत, "तीन मिनिटं झाली. वाढवू का?" कुणी तारेवर रडत असलं तर त्या हे विचारायला हटकून विसरत. साहेबांनी कधी झापलंच तर म्हणत, "घड्याळ दिसलं नाही हो, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं."

निरोपाच्या दिवशी मुलींनी मला त्यांच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "बाई, आयुष्यभर दुसऱ्यांची मिनिटं मोजलीत. आता स्वतःची अंडी मोजा." सगळ्याजणी हसल्या आणि मग सगळ्याजणी रडल्या. माणसांचं हे मला कधी कळलेलं नाही. एकदाच काय ते ठरवावं!

अशी मी टेलिफोनबाईंच्या घरी आले. हो, निवृत्त झाल्या तरी सगळा प्रभाग त्यांना टेलिफोनबाईच म्हणतो. घरात त्या आणि त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका. काका एकतीस वर्षं नऊ नंबरची बस चालवत होते. बाई जितक्या बोलक्या, तितके काका गप्प. बाईंनी दहा वाक्यं बोलावीत आणि काकांनी "हं" म्हणावं, असा संसार. पण ते "हं" इतक्या तऱ्हांचं असे की बाईंना त्यातलं सगळं कळत असे.

मी घरात आल्यावर वर्षभरात काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, "रोज चाला. आठवड्यातून तीनदा इथे व्यायामाला या. चालणं सुटलं की खुर्ची आली, आणि खुर्चीतून मग उठणं नाही." घरी बारा मिनिटं पाय उचलायचे होते. मला बारावर लावलं जाई, आणि बाईंची पाठ वळली की काका मला गुपचूप पाचावर आणून ठेवत. मी बिचारी प्रामाणिकपणे पाच मिनिटांनी वाजत असे. आतून बाई ओरडत, "अहो, कोंबडी आज फार लवकर उठली वाटतं!" आणि काका म्हणत, "हं."

घरापासून बसथांब्यापर्यंत एकशे बारा पावलं होती. काका रोज काठी टेकत ती मोजत. साठाव्या पावलाला लाँड्रीच्या कठड्याला टेकायचं, दम घ्यायचा, मग उरलेली बावन्न. थांब्याच्या बाकावर बसलं की व्यायामाला नेणारी नऊ नंबर येई, आणि नवा ड्रायव्हर त्यांना बघून दोन बोटं कपाळाला लावी. ती दोन बोटं त्यांना दिवसभर पुरत. त्यांचं उभं जग त्या एकशे बारा पावलांमध्ये होतं, आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते रोज बघत असे.

बाईंचा पसारा मात्र मोठा होता. त्या दर रविवारी "प्रभागाची खबरबात" नावाचं एक पान हाताने लिहीत, त्याच्या चाळीस प्रती काढत आणि पहिली प्रत लाँड्रीच्या काचेवर चिकटवत. "अध्यक्षांनी चौकातल्या नळाचं तिसऱ्यांदा उद्घाटन केलं. पाणी आलं की चौथ्यांदा करतील." "पाण्याच्या टाकीजवळचा खड्डा आज दोन वर्षांचा झाला. खड्डा सुखरूप असून अंगानेही भरला आहे." लोक कपडे घ्यायला येत आणि काचेपाशी हसत उभे राहत. लाँड्रीवाला म्हणायचा, "बाई, तुमच्या पानामुळे माझ्याकडचे शर्ट कुणी वेळेवर नेत नाही."

आता हे अध्यक्ष कोण, ते सांगते. आमच्या प्रभाग समितीचे अध्यक्ष. उंचेपुरे, आवाज खणखणीत, आणि केस! काळेभोर, तेल लावून मागे चापून बसवलेले, वाऱ्याची काय बिशाद एक बट हलवेल. कोटाच्या आतल्या खिशात तेलाची छोटी बाटली असायची. ते तेल थंडीत दगडासारखं गोठतं, म्हणून बाटली अंगाच्या उबेला ठेवलेली. ही बाटली लक्षात ठेवा.

समितीची सभा दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी, दुपारी चारला, सभागृहात. ठीक सहाला तिथे नाचाचा क्लास भरतो, म्हणून सहाला सभा संपलीच पाहिजे. नाचाच्या बाई फार कडक. सभेत नागरिकांना बोलायला तीन-तीन मिनिटं मिळत, आणि ती अध्यक्ष स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळात मोजत. कुणी त्यांची तारीफ करू लागला की ते घड्याळ झोपी जाई. कुणी खड्ड्याचं नाव काढलं की घड्याळाला पंख फुटत.

एकदा बाई बोलायला उभ्या राहिल्या आणि अध्यक्ष म्हणाले, "झाली तीन मिनिटं, बसा." बाई बसल्या नाहीत. "अध्यक्षसाहेब, माझ्या हाताखालून तीस वर्षं तीन मिनिटं गेली आहेत. हे सव्वा मिनिट होतं." असं म्हणून त्यांनी पिशवीतून मला काढलं आणि थेट अध्यक्षांच्या पुढ्यात ठेवलं. "ही कोंबडी कुणाच्या पक्षाची नाही. हिला मोजू द्या."

सभागृहात असा हशा पिकला की अध्यक्षांनाही हसावं लागलं. हसता हसता ठराव मंजूर झाला. इथे आमचे चिटणीस पुढे आले. सडपातळ, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, नियमांवर जीव ओवाळून टाकणारा माणूस. त्यांनी तिथल्या तिथे नियम लिहिला आणि वाचून दाखवला, "नागरिक बोलू लागल्यावर कोंबडी वाजेपर्यंत त्यास कोणीही, अध्यक्ष धरून, अडवू नये, मध्ये बोलू नये. कोंबडी वाजल्यावर नागरिकाने एक अक्षरही बोलू नये."

एक सदस्य म्हणाले, "अहो, 'तीन मिनिटं' असं लिहा की."

"कोंबडी तीनवरच लावायची आहे ना? मग तेच दोनदा कशाला लिहायचं?" चिटणीस म्हणाले. "शाई जाते."

सातही सदस्यांनी खाली सह्या ठोकल्या. आणि मी, उकडल्या अंड्यांची कोंबडी, प्रभागाच्या कायद्यात जाऊन बसले!

काय दिवस होते ते! दर महिन्याला मी टेबलाच्या मधोमध. माणसं माझ्याकडे बघून बोलू लागली. तीन मिनिटांत माणूस कसा आहे ते पुरतं कळतं, हे मी तिथे शिकले. एक गृहस्थ अडीच मिनिटं आभार मानत आणि उरलेल्या तीस सेकंदांत गटाराचं नाव काढत. सलूनवाले फार सुरेख बोलत, पण समोर आरसा नसल्याने अधूनमधून अडखळत. एक आजी यायच्या, काहीच बोलायच्या नाहीत, तीन मिनिटं सगळ्यांकडे रोखून बघायच्या आणि मी वाजले की "धन्यवाद" म्हणून बसायच्या. त्यांच्या गल्लीतला दिवा सगळ्यांत आधी दुरुस्त झाला.

मग थंडीत ती विषयपत्रिका आली. विषय क्रमांक चार, "नऊ नंबरचा बसथांबा हलवून चढावरील नव्या फर्निचरच्या दुकानासमोर नेणे." दुकान अध्यक्षांच्या मेहुण्याचं होतं. बाईंनी त्याच संध्याकाळी नव्या जागेपर्यंत चालत जाऊन पावलं मोजली. नऊशे चाळीस, आणि सगळा चढ. घरी येऊन त्यांनी तो आकडा सांगितला. काकांनी नुसतं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हं." ते "हं" मी पहिल्यांदाच ऐकलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून बाई पेटून उठल्या. आठवडाभर त्या दारोदार फिरल्या, जिने चढल्या, प्रत्येकाला समजावलं, "शनिवारी या. सभेत या." "खबरबात"चा खास अंक काढला. इतकं बोलल्या, इतकं बोलल्या की शुक्रवारी सकाळी उठल्या आणि तोंडातून आवाजच फुटेना. नुसती हवा. तीस वर्षं ज्यांच्या आवाजावर तारा चालल्या, त्या बाईंचा घसा ऐन वेळी बसला!

त्यांनी कागदावर लिहिलं, "आता तुम्ही बोला."

काकांनी तो कागद दोनदा वाचला. "मी? अगं, माझ्या डोक्यावर पाटी असायची, 'चालकाशी बोलू नये'. एकतीस वर्षं कुणी माझ्याशी बोललं नाही. आता मी काय बोलणार?" त्यांचं एवढं लांब बोलणंही मी पहिल्यांदाच ऐकलं.

बाईंनी भाषण लिहून दिलं. काकांनी मला तीनवर लावून तालीम केली. चाळीस सेकंदांत भाषण संपलं. पुन्हा केली. अडतीस सेकंद. उरलेला वेळ दोघं नवरा-बायको माझ्याकडे बघत बसले आणि मी टिकटिकत राहिले. मला स्वतःची लाज वाटली, पण मी तरी काय करू?

शनिवारी बाईंनी मला लवकर नेऊन चिटणिसांच्या हवाली केलं. चिटणिसांनी मला टेबलावर ठेवलं आणि ते खुर्च्या मोजायला गेले. एवढ्यात अध्यक्ष आले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि मला उचललं.

"शिलाई मशीनला तेल घातलं की कसं भन्नाट पळतं," ते माझ्या कानाशी पुटपुटले. "आज तूही जरा पळ गं बाई." असं म्हणून त्यांनी आतल्या खिशातली बाटली काढली आणि माझ्या पाठीवरच्या भोकातून केसांचं तेल आत ओतलं! काय तो वास! माझ्या तिन्ही चाकांना गुदगुल्या झाल्या. त्यांनी मला पिळून बघितलं. मी खरंच सुळकन पळाले. अध्यक्ष खूश झाले, बोटं केसांना पुसली आणि मला जागेवर ठेवलं.

पण बाहेर थंडी मी म्हणत होती, आणि तेल आता खिशात नव्हतं. ते माझ्या पोटात होतं.

चार वाजता सभागृह खच्चून भरलं. विषय एक, दोन, तीन झटपट झाले. विषय चारवर नागरिकांतून एकच नाव नोंदवलेलं होतं. काका काठी टेकत पुढे आले. बाई त्यांचं बोट धरून टेबलापर्यंत आल्या, त्यांनी मला उचलून तीनवर लावलं, आणि लावता लावता त्या क्षणभर थबकल्या. त्यांनी मला नाकाशी नेलं. मग एकदा अध्यक्षांच्या केसांकडे बघितलं. आवाज असता तर काय बोलल्या असत्या कुणास ठाऊक. त्या मला खाली ठेवून जागेवर गेल्या. मी टिकटिकू लागले.

काकांनी कागद वाचला. "मी नऊ नंबरचा जुना ड्रायव्हर. घरापासून थांबा एकशे बारा पावलं आहे. नव्या जागी नऊशे चाळीस होतील. मला ती जमणार नाहीत. माझ्यासारखे आणखी आहेत. थांबा हलवू नका, एवढंच सांगतो." चाळीस सेकंदं झाली.

माझी टिकटिक जड होऊ लागली. दोन मिनिटं उरली. दीड. चाकं जणू चिखलातून चालली होती. एक मिनिट... टिक... टि... आणि मी थांबले. बरोब्बर एकाच्या आकड्यावर. आयुष्यात पहिल्यांदा!

अध्यक्ष जरा वेळ थांबले, मग घसा खाकरून म्हणाले, "झालं ना काका? मग आता मतदान..."

"अध्यक्षमहोदय!" चिटणीस ताडकन उठले. एवढा मोठा आवाज त्या देहात कुठे होता कोण जाणे. "कोंबडी वाजलेली नाही. आपण मध्ये बोललात. नियमाखाली आपलीच सही आहे."

"अहो, पण ती बंद पडलीय!"

"बंद पडली की काय हे मी घड्याळजी नसल्याने सांगू शकत नाही. वाजलेली नाही, एवढं मात्र ऐकू येतंय. हे आपलं दुसऱ्यांदा झालं."

अध्यक्षांनी तोंड मिटलं. सगळे काकांकडे बघू लागले. काकांनी कागद उलटून बघितला, मागे काहीच नव्हतं. मग त्यांनी बाईंकडे बघितलं. बाईंनी मूठ कानाशी नेली, रिसीव्हर धरावा तशी, आणि दुसऱ्या हाताने हवेत गोल गोल फिरवलं. लाइन चालू आहे. बोला. त्यांचे ओठही हलले. आवाज नव्हता, पण मला तर स्पष्ट ऐकू आलं, "वाढवू का?"

काकांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "मग मी... थांबे सांगतो," ते म्हणाले. "मला तेवढेच पाठ आहेत. एकूण चौतीस. पहिला थांबा, पाण्याची टाकी. इथे सकाळी सहाला चार परिचारिका चढायच्या. रात्रपाळी करून आलेल्या. चौघी एकमेकींच्या खांद्यावर झोपायच्या, त्यामुळे मी ते वळण नेहमी हळू घ्यायचो."

मागच्या रांगेत एक पांढऱ्या केसांच्या बाई उठल्या. "म्हणून! मी म्हणायचे, या वळणावर कधी जाग कशी येत नाही!" चिटणिसांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं आणि त्या तोंडावर हात ठेवून बसल्या.

दुसरा थांबा. तिसरा. कोण कुठे चढायचं, कोण कुणाशेजारी बसायला दोन बस सोडून द्यायचं, कुणाचं लग्न कुठल्या बाकावर ठरलं. पाचव्या थांब्यावर एकजण रोज पिंजऱ्यातला पोपट घेऊन चढायचा आणि तो पोपट कंडक्टरच्याच आवाजात "पुढे सरका" म्हणायचा. लोक पोट धरून हसत होते. काका काठीवर जास्त भार टाकू लागले तसे चिटणिसांनी स्वतःची खुर्ची आणून दिली. "उभ्यानेच बोलावं असं नियमात नाही," ते म्हणाले आणि स्वतः उभं राहून इतिवृत्त लिहू लागले. एकतीस वर्षांचं साठलेलं बोलणं होतं ते. बाई तर थक्क होऊन बघत होत्या. इतक्या वर्षांत त्यांनीही यातलं काही ऐकलं नव्हतं.

पण घात झाला! एवढी माणसं, एवढं हसणं, सभागृह हळूहळू गरम होऊ लागलं. आणि माझ्या पोटात काहीतरी ढिलं झालं. टिक.

मी हादरले. टिक. पुन्हा! तेल पातळ होत होतं. साडेपाच वाजले होते. माझं एक मिनिट सुटलं असतं तर अर्ध्या तासात मतदान उरकलं असतं आणि थांबा गेला असता. वेळेवर वाजण्यासाठी जन्मलेली मी, आणि त्या क्षणी मी जीव तोडून एकच गोष्ट मागत होते. नको. मला वाजवू नका. पहिल्यांदा कळलं, तारेवर कुणी रडत असताना बाईंच्या डोळ्यांत नेमकं काय जात असेल.

बाईंनी ती टिक ऐकली. बाकी कुणी नाही, पण तारेवरची कुजबुज ऐकणारा कान तो. त्या उठल्या, शांतपणे टेबलामागे गेल्या आणि माझ्या पाठीमागची खिडकी सताड उघडली. असला बोचरा वारा आत शिरला की काय सांगू! मी क्षणात गारठले. टिक बंद.

वारा आणखी एका ठिकाणी शिरला होता. अध्यक्षांच्या केसांत. एक बट उभी राहिली, मग दुसरी. ते खिडकीकडे बोट दाखवू लागले, हातवारे करू लागले, दात कडकड वाजवू लागले. बोलायची सोय नव्हती. सलूनवाले कौतुकाने त्यांच्या डोक्याकडे बघत होते.

"अकरावा थांबा," काका सांगत होते, "चुन्याची वखार. इथे एक बाई रोज धावत यायची. हातात डबा आणि काखोटीला पोरगं. पोराच्या डोक्याला इतकं तेल चोपडलेलं की मला आरशातून चकाकताना दिसायचं. मी रोज अर्धं मिनिट थांबायचो तिच्यासाठी. कंडक्टर ओरडायचा, उशीर होतोय म्हणून. पण ती चढताना पोराला म्हणायची, 'बघ, काकांनी थांबवली.' त्यासाठी थांबायचो."

अध्यक्षांचे हात हवेतल्या हवेत राहिले. त्यांनी ते सावकाश खाली घेतले. मग कोटाची कॉलर वर केली, हात खिशात घातले आणि खिडकीकडे पुन्हा बघितलंच नाही. त्यांची आई चुन्याच्या वखारीजवळ राहायची, हे मला नंतर चिटणिसांच्या बोलण्यातून कळलं.

ठीक सहाला दार उघडलं आणि नाचाच्या बाई आत आल्या, मागे वीसेक मंडळी, पायांत नाचाचे बूट. "वेळ झाली. खुर्च्या उचला." काकांनी बाराव्या थांब्याचं नाव नुकतंच घेतलं होतं. चिटणिसांनी इतिवृत्तात शेवटची ओळ लिहिली आणि वाचून दाखवली, "वक्त्याचे भाषण अपूर्ण. कोंबडी अद्याप वाजलेली नाही. विषय पुढील सभेत, आहे तिथून पुढे."

काय जल्लोष झाला! नाचाचं संगीत लागलं आणि निम्मा प्रभाग खुर्च्या डोक्यावर घेऊन नाचत बाहेर पडला. रोखून बघणाऱ्या आजीसुद्धा.

राहता राहिला माझा प्रश्न. मला घरी न्यायला बाई पुढे झाल्या, तर चिटणिसांनी हात आडवा धरला. "नियम आठ. अपूर्ण विषयासंबंधीची वस्तू आहे त्या स्थितीत सांभाळावी." त्यांनी मला हुंगलं, चष्म्यावरून अध्यक्षांकडे एक नजर टाकली आणि म्हणाले, "हिची स्थिती गोठलेली आहे." आणि मला कचेरीच्या फ्रिजमध्ये आणून ठेवलं.

तेव्हापासून मी इथे आहे. दर पहिल्या शनिवारी मला बर्फाच्या ताटलीत बसवून मिरवत सभेत नेतात. बाकीचे विषय आधी उरकतात, खड्डासुद्धा बुजला, आणि मग चिटणीस पुकारतात, "विषय चार, आहे तिथून पुढे." सभागृहात उभं राहायला जागा नसते. बाईंचा घसा केव्हाच सुटला आहे, पण विषय चारवर त्या एक शब्द बोलत नाहीत. पहिल्या रांगेत बसून सगळं "खबरबात"साठी लिहून घेतात. लाँड्रीवाल्याने आणखी एक काच बसवली आहे.

मला काळजी नाही असं नाही. मागे एकदा वीज गेली, आणि चिटणीस बर्फ घेऊन धावत येईपर्यंत मी नऊ सेकंद सरकले होते. पोटात आता एक्कावन्न उरली आहेत. घड्याळजी म्हणतात, पाच मिनिटांत धुऊन देतो, पुन्हा टकाटक वाजेल. पण ते स्वतःही नऊ नंबरनेच जातात, त्यामुळे त्यांना सवड होत नाही.

काका रोज एकशे बारा पावलं चालतात. बाईंनी मला सांगितलं, आता ते लाँड्रीच्या कठड्याला टेकत नाहीत. लोक थांबवून थांब्यांच्या गोष्टी विचारतात, त्यातच दम घेऊन होतो.

परवाच्या सभेत काका तेहतिसाव्या थांब्यावर आले. अध्यक्षांनी हल्ली तेल सोडलं आहे, केस मोकळे असतात, आणि त्यांनी आपण होऊन खिडकी उघडली होती. सहा वाजता त्यांनी काकांना हळूच विचारलं, "काका, आता एकच थांबा उरला ना? पुढच्या महिन्यात... संपणार?" मी त्यांचा चेहरा बघितला. थांबा हलवायची घाई झालेल्या माणसाचा तो चेहरा नव्हता.

काकांनी काठी उचलली, बाईंचा हात धरला आणि म्हणाले, "संपतंय कसलं? बस परत नाही का येत?"

बाई हसत सुटल्या, चिटणिसांनी ते लिहून घेतलं, आणि मी ताटलीत बसल्या बसल्या हिशेब केला. जाऊन येऊन अडुसष्ट थांबे. निवडणुका त्याच्या आधी येतील, आणि उभे राहणारे सगळेच आत्तापासून थांबा जिथल्या तिथे ठेवायचं वचन देत फिरताहेत.

तर मंडळी, एवढीच माझी कहाणी. वेळेवर वाजण्याचा ताठा मी सोडला आहे. माझी एक्कावन्न सेकंदं आहेत तिथे सुखात आहेत. तुमच्याकडे एकच मागणं. चहाच्या दुधासाठी इथे कुणी ना कुणी सारखं येत असतं. दूध घ्या, लिंबू घ्या, माझ्याशी दोन शब्द बोला. पण जाताना फ्रिजचं दार तेवढं नीट लावा. काकांचं बोलणं अजून चालू आहे.